सुई हलली नाही

सुई हलली नाही म्हणून घाबरलेली कारागीर जगात मी एकटीच असेन.

आमच्या धंद्यात सगळी मारामारी त्या सुईसाठीच चालते. आम्ही पूलचे क्यू बनवतो, टेबलावरचे बॉल मारायच्या काठ्या. म्हणजे बाबा बनवतात आणि मी त्यांची बोलणी खात शिकते, अजूनही. क्यूचे दोन भाग असतात. मागचा जाड, मुठीत धरायचा, आणि पुढचा निमुळता, त्याला शाफ्ट म्हणतात. क्यूचा सगळा जीव या शाफ्टमध्ये. तो लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून सोलायच्या यंत्रावर, दोन्ही टोकांना पकडून फिरवायचा, मधोमध डायल टेकवायचा आणि डायलची सुई बघत बसायचं. शाफ्ट सरळ असला तर सुई जागची हलत नाही. केसाएवढा वाक असला तरी ती नाचायला लागते. मग आम्ही म्हणतो, आऊट मारतोय.

आणि लाकूड आऊट मारतंच. आज सरळ कापलेला शाफ्ट पंधरा दिवसांनी आपल्या मनाने कूस बदलतो. म्हणून बाबा एका दमात कापत नाहीत. थोडं सोलायचं, छताखालच्या दांडीला टांगायचं आणि विसरून जायचं. मग पुन्हा थोडं सोलायचं, पुन्हा टांगायचं. "त्याला काय रुसायचं ते रुसून घेऊ दे, मग हात लाव," असं ते सांगतात. हे विसरून जाणं मला कधी जमलं नाही. मी मधेच शाफ्ट उतरवते, डोळ्यासमोर धरून बघते, टांगते, पुन्हा उतरवते. बाबा मला भिंगरी म्हणतात ते उगीच नाही. माझ्या हातचे निम्मे शाफ्ट शेवटी झाडूच्या दांड्याच्या लायकीचे निघतात.

तर त्या सकाळी माझ्या नवऱ्याचा शाफ्ट लेथवर फिरत होता आणि सुई मेल्यासारखी उभी होती. मी लेथ बंद केलं. शाफ्ट काढला, पुसला, पुन्हा लावला. डायलवर टिचकी मारून पाहिली, कारण तो कधी कधी अडकतो. सुई दचकली आणि परत जागेवर येऊन बसली. शाफ्ट सुतासारखा सरळ होता. आणि तो सरळ असणं शक्यच नव्हतं.

तो वाकडा आहे हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. आमचं लग्न घाईत झालं. घाई माझी, नवरा बिचारा म्हणत होता, थोडं थांबू. बाबांना जावयाला स्वतःच्या हातचा क्यू द्यायचा होता आणि मी त्यांना लाकूड टांगायलाही सवड दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकामागून एक कट घेतले आणि शाफ्ट पुरा केला. दिला तेव्हा तो सरळच होता. पुढे त्याची टीप झिजली, म्हणजे टोकाचं चामडं, आणि नवीन बसवायला मी तो लेथवर टाकला तेव्हा सुई अशी नाचली की मी उठून वर्कशॉपचं दार लावून घेतलं.

सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगावं तर बापाने दिलेल्या भेटीला लेकीनेच नाव ठेवल्यासारखं. बाबांना सांगावं तर त्यांचं एक पालुपद आहे, येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचं: "या दारातून वाकडी काठी बाहेर गेलेली नाही." म्हणून मी गप्प बसले आणि एवढंच बघितलं की त्या क्यूचं काहीही काम निघालं तर ते माझ्याच हातून व्हावं. इतकी वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. शिवाय नवरा त्याच काठीने पूलच्या हॉलमधल्या भल्याभल्यांना पाणी पाजत होता. मग उकरून काढायचं कशाला?

पण गेले काही आठवडे तो हरत होता. आणि साधा हरत नव्हता. डोळे मिटून मारावा असा बॉल पॉकेटच्या, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकाच्या, काठावर आपटून परत यायचा आणि तो तसाच वाकून उभा राहायचा, आपल्या उजव्या मनगटाकडे बघत.

तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. आधी त्याला वाटलं, नजर गेली. दुकानातल्या यंत्रावर त्याने स्वतःचे डोळे तपासले, मग दुसऱ्या दुकानातल्या मित्राकडून तपासून घेतले. डोळे उत्तम. मग त्याने घरात हा विषयच बंद केला, आणि तिथून माझी झोप उडाली. डोळे नाहीत तर काय, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. माझ्या सासऱ्यांचा उजवा हात थरथरायचा. आधी कप बशीत वाजायला लागला, मग सही जमेना, मग शर्टाची बटणं सासूबाई लावायला लागल्या. ते सुरू झालं तेव्हा सासरे साधारण नवऱ्याच्या आत्ताच्याच वयाचे होते.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेले की तो ओट्यापाशी उभा असायचा. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, हात समोर ताठ आणि नजर पाण्यावर. माझी चाहूल लागली की पेला तोंडाला लावायचा.

"तहान लागली होती," म्हणायचा.

"हो का," मी म्हणायची. मला तो पेला हिसकावून भिंतीवर आपटावासा वाटायचा. त्याऐवजी मी भांडी घासायची, घासलेलीच.

त्या दिवशी सकाळी मात्र त्याने लपवलं नाही. पेला ओट्यावर ठेवला, आणि थोडं पाणी सांडलंच.

"मी आज काकांना सांगणारे, टीममधून माझं नाव काढा," तो म्हणाला. काका म्हणजे हॉलचे मालक. टीम दोन दिवसांत ठरणार होती आणि याने त्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. "आणि क्यू बाबांना परत दे. चांगली काठी आहे. कुणाच्या तरी हातात शोभेल."

"आधी टीप बदलून बघू," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"टीप नवीनच आहे. मागे बदलली की."

"कुणी बदलली?"

"बाबांनी. तू तापाने झोपली होतीस ना तेव्हा. तुला उठवू नको म्हणाले, मी करतो."

मला वाटलं, झालं. बाबांनी तो लेथवर लावला असणार, सुई नाचताना बघितली असणार, आणि तरी इतके दिवस चकार शब्द नाही. नवरा कामावर गेला आणि मी शाफ्ट उचलून खाली वर्कशॉपमध्ये पळाले. बाबांनी काय बघितलं ते मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आणि बघते तर सुई हलेना.

बाबा मागच्या खोलीत दगडावर हत्याराला धार लावत होते. मी शाफ्ट त्यांच्या नाकासमोर धरला.

"हा कुणाचा?"

"जावईबापूंचा." धार लावणं चालूच.

"त्याचा नाही हा. त्याचा आऊट मारतो."

दगडावरचा आवाज थांबला. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"ते नंतर बोलू. त्याचा कुठे आहे?"

ते उठले आणि कपाटामागून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. उघडून बघितलं तर जुना शाफ्ट, टोकाची पांढरी टोपी काढलेला, आणि मधे एका बाजूने खरवडलेला, उंदराने कुरतडावा तसा.

"टीप घासायला लावला," बाबा म्हणाले, "आणि बघतो तर मधोमध पोट काढून नाचतोय. माझ्या हातचा. माझ्याच जावयाच्या हातात. वाटलं, एक हलका कट घेऊन वाक काढून टाकू. घेतला. एकाच बाजूला खाल्लं. अजून एक घेतला. मग लक्षात आलं की हा सरळ होईपर्यंत दात कोरायची काडी उरेल."

"म्हणून?"

"म्हणून खिडकीकडचा उतरवला."

खिडकीकडचा म्हणजे दांडीवरचा शेवटचा. तो माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे होता. कितीतरी खेळाडूंनी मागितला, बाबांनी कुणाला दिला नाही. तो त्यांनी जुन्याच्या मापाने उतरवला, वजन जुळवलं, जुन्याची टोपी काढून त्यावर बसवली, आपली लहानशी काळी खूणही होती तिथेच ठेवली. रंग जुना दिसावा म्हणून चहाचं पाणी लावलं, खडू चोळला आणि मग तळहाताने घासत बसले.

"ओळखू आला नाही ना?" त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजात मला चक्क अभिमान ऐकू आला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाही ना आला. म्हणूनच तर तो रोज सकाळी पेला धरून उभा असतो."

"कसला पेला?"

मी सांगितलं. पेला, डोळ्यांची तपासणी, आज नाव काढायला जाणार आहे ते, सगळं. सासऱ्यांचा हात बाबांनी बघितला होता. आमच्याकडे जेवायला आले की बाबा मुद्दाम त्यांच्या ताटात चमचा ठेवायचे आणि स्वतःही चमच्याने खायचे. बोलता बोलता मलाच एक गोष्ट दिसली आणि मी मधेच थांबले.

"बाबा, त्याचे सगळे बॉल डावीकडे चुकतात. परवा मी बघत होते. थरथरणारा हात कधी इकडे मारेल, कधी तिकडे. हा प्रत्येक वेळी डावीकडेच चुकतोय. हाताला काही झालेलं नाही. वाकड्या काठीने नेम धरायची सवय झाली होती, आणि तुम्ही ती काढून घेतलीत."

बाबा खाली बसले. म्हातारे दिसले एकदम. मला दयाही आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

"मी त्याला सरळ काठी दिली," ते म्हणाले. "सरळ काठी देण्यात काय चूक आहे, सांग."

"मला नका विचारू. त्याला सांगा."

"सांगायला कशाला हवं?" ते पुन्हा उठले. "संध्याकाळपर्यंत तो दुकानात आहे. तोवर जुन्यासारखाच एक वाकडा करतो. परत बदलून टाकू. त्याचा खेळ परत येईल, विषय संपला."

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण मला एक घटका थांबवत नाही, आणि हे निदान काहीतरी करणं होतं. आम्ही दोघं कामाला लागलो.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या वर्कशॉपमध्ये जे चाललं ते धंद्यातल्या कुणी बघितलं असतं तर आम्हाला वेड्यांच्या इस्पितळात पोचवलं असतं. बाबांनी दांडीवरून एक शाफ्ट उतरवला आणि आयुष्यभर जे करू नको म्हणून मला सांगितलं ते सगळं करायला घेतलं. मागचं सेंटर, म्हणजे लाकूड दाबून धरणारी टोकदार खीळ, आवळलं. हत्यार खोल घातलं. मधे थांबायचं नाही, लाकूड गरम होऊ द्यायचं. भुसा त्यांच्या चष्म्यावर बसला. डायल लावला. सुई जागची हलली नाही.

"मुरलेलं लाकूड आहे," ते म्हणाले. "याला राग येत नाही आता."

दुसरा घेतला, त्यातल्या त्यात ताजा. या वेळी मी बारकाईने त्यांच्या हाताकडे बघत होते. सेंटर आवळून झालं की त्यांची बोटं नकळत ते पाव आटा सैल करत होती. हत्यार खोल घालायला जायचं आणि लाकडाला टेकताच मागे सरकायचं.

"बाबा, तुम्ही नीट करताय."

"मी मुद्दाम नाही करत."

"सरका."

मी चाक धरलं आणि सेंटर आवळलं, पार दात-ओठ खाऊन. मला वेगळं काही करावंच लागलं नाही. मी नेहमी करते तसंच केलं आणि शाफ्ट लगेच वाकला. डायलची सुई पार सुटली.

"ही बघ तुझी कला," बाबा म्हणाले, आणि दोघांनाही हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं. मग मी माझा शाफ्ट जुन्याच्या शेजारी काचेवर ठेवला आणि हसू जिरलं. जुन्याचा वाक लांब, हळूच येणारा, टोकाकडे जाता जाता विरणारा. माझा मधेच मोडल्यासारखा. शंभर केले असते तरी तसा आला नसता. ते वळण लाकडाने वर्षानुवर्षं स्वतः घेतलं होतं, आणि माझा नवरा त्याच्याबरोबर वळत गेला होता. मी शाफ्ट कोपऱ्यात फेकला.

"चला हॉलवर," मी म्हटलं.

"मी हॉलवर येत नाही, तुला माहितीय."

माहीत होतं. हॉलमध्ये लोक क्यू भिंतीला तिरके टेकवून ठेवतात आणि ते बाबांना बघवत नाही. शेवटचे गेले होते तेव्हा भांडून आले होते.

"मग मी एकटी जाऊन सांगते."

मी चपला घातल्या. रस्त्यावर आले, पलीकडच्या टोकापर्यंत गेले, आणि मागून फरफटत्या पावलांचा आवाज आला. बाबा अंगावर भुसा तसाच घेऊन आले होते. काखेत ते फडकं.

"तू सांगितलंस तर तो म्हणेल, बायको समजूत काढतेय," ते धापा टाकत म्हणाले. "विश्वास बसायचा नाही त्याचा."

हॉलपर्यंत माझं तेच चाललं. मी पुढे जायची, थांबायची, परत मागे येऊन त्यांच्याबरोबर चालायची. त्यांनी वैतागून माझं मनगट धरलं आणि लहानपणी न्यायचे तसं मला चालवत नेलं.

नवरा आधीच आला होता. त्याच्या क्यूचे दोन्ही भाग, नवीन शाफ्टसकट, मी येताना पिशवीत घातले होते, त्यामुळे त्याच्या हातात हॉलचा कुठलासा क्यू होता आणि तो नुसता धरून नवरा काउंटरपाशी काकांशी बोलत होता. काका मान हलवत होते. आम्हाला बघून दोघंही वळले. बाबांना हॉलमध्ये बघून तर काकांच्या तोंडचं वाक्यच पळालं.

बाबांनी वाटेतला भिंतीला टेकलेला एक क्यू उचलून बाकावर आडवा ठेवला. मग एका मोकळ्या टेबलापाशी गेले, फडकं उघडलं आणि जुना शाफ्ट हिरव्या कापडावर ठेवला. हाताने हलकेच ढकलला. तो घरंगळला, पण सरळ नाही. एक बाजू उठायची, पडायची, उठायची, पडायची. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही बघायला लागले.

"ही काठी मी केली," बाबा म्हणाले. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ही वाकडी आहे. मी जावयाला दिली आणि इतकी वर्षं त्याच्याकडे होती. मागे टीप बदलायला आली तेव्हा मला कळलं. मी ती बिघडवली, आणि त्याला न सांगता त्या जागी सरळ काठी दिली." मग ते नवऱ्याकडे वळले आणि आवाज खाली आला. "तुमचा हात चांगला आहे. चूक माझी आहे."

नवरा त्या शाफ्टकडे बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. राग यावा, ओरडावं, काहीही चालेल, पण काहीतरी बोल, असं मला झालं होतं.

"ती वाकडी आहे हे मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?" हे मी.

"पहिल्याच महिन्यात कळलं होतं. अशीच टेबलावर घरंगळवली होती."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग परत नाही घरंगळवली." त्याने खांदे उडवले. "तुमची खूण वर ठेवून धरली की वाक उजवीकडे जायचा. मग मी नेम केसभर डावीकडे धरायचो. हळूहळू ते विसरूनच गेलो. तेच सरळ वाटायला लागलं."

"सांगायचं नाही का?"

"तुम्ही दिली होतीत, बाबा." त्याने एवढंच उत्तर दिलं. मग म्हणाला, "आमच्यासाठी घाई केली होतीत. मला काय दिसत नव्हतं?"

बाबा माझ्याकडे वळले. "आणि तुलाही माहीत होतं."

"हो."

"म्हणजे घरात माहीत नव्हतं ते मलाच. या दारातून वाकडी काठी बाहेर गेली नाही म्हणून मी गावाला सांगत सुटलोय, आणि तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून ऐकताय."

मला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली आणि तिसरं माझं. एकाने सासऱ्याचं मन राखायला वाकडं खेळायचं, दुसऱ्याने स्वतःची इज्जत राखायला चोरून सरळ करायचं, तिसरीने दोघांना सांभाळत दार लावून टिपा बदलायच्या. आणि या सगळ्या समजूतदारपणात एक माणूस रोज सकाळी पेल्यातल्या पाण्यात आपलं मरण शोधत उभा. मी हे सगळं बोलले. हॉलमध्ये, मोठ्याने. काका काउंटरखाली काहीतरी शोधायला लागले.

नवरा मधेच म्हणाला, "थांब. म्हणजे आत्ता जी आहे ती सरळ आहे?"

मी पिशवीतून शाफ्ट काढून दिला. त्याने तो डोळ्यासमोर धरला आणि दिव्याच्या दिशेने बघत राहिला. डोळे तपासणारा माणूस, पण स्वतःची काठी इतक्या वर्षांत त्याने अशी बघितली नव्हती. बघावी लागू नये म्हणूनच. त्याने शाफ्ट फिरवला, पुन्हा फिरवला. मग खाली केला आणि उजवा हात समोर धरला, बोटं पसरून. या वेळी पेला नव्हता. हात स्थिर होता. तो बाकावर बसला, त्याच हाताने डोळे झाकले, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी जाऊन शेजारी बसले. बसून राहिले, उठले नाही. बाबा टेबलापाशी उभे राहून जुना शाफ्ट फडक्यात गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं आणि बाबांना म्हणाला, "तो जुना टाकू नका. मला द्या."

"कशाला? बिघडलाय तो."

"असू दे. घरी ठेवतो."

बाबांनी फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

मग तो उठला, नवीन शाफ्ट क्यूला बसवला आणि समोरच्या टेबलावर वाकला. पॉकेटसमोर एकच बॉल होता, सोपा, अगदी तोंडाशी. हाताने आपणहून क्यू फिरवून खूण वर आणली. बाबा दोन पावलं पुढे झाले, त्याच्या मुठीपाशी हात नेला आणि क्यू त्याच्या हातातच अर्धा फिरवला. खूण खाली गेली.

"आता कशीही धरा," ते म्हणाले. "सगळीकडून सारखीच आहे."

त्याने मारलं. बॉल डावीकडच्या कडेवर आपटून परत आला. पण त्याने मनगटाकडे बघितलं नाही. क्यूकडे बघितलं, मग बाबांकडे.

"हिची सवय होईपर्यंत मी रोज हरणार," तो म्हणाला. "यंदा टीम काही होत नाही."

"हरा की," बाबा म्हणाले. त्यांनी बाकावरचा क्यू जरा बाजूला सरकवला आणि माझ्या शेजारी बसले. "मी रोज बघायला येईन."